सेव्ह टिकत नाही? ‘ॲडमिनने उघड’ करण्याआधी हे तपासा

लक्षण ओळखीचं आहे. प्लेस्टेशनचा जुना गेम लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मस्त चालतो. आवाज ठीक, चित्र ठीक, कंट्रोलरही लागतो. गेमच्या मेनूत जाऊन सेव्ह केलं, पडद्यावर तसा निरोपही आला. दुसऱ्या दिवशी उघडावं तर मेमरी कार्ड (इथे ती एक फाइलच असते) कोरं. याहून वैताग आणणारा प्रकार म्हणजे सोमवारचं सेव्ह मंगळवारी गायब असतं, बुधवारी आपोआप परत येतं, पण मंगळवारी जे खेळलो ते मात्र कुठेच नसतं.

यावरचा सल्ला मुंबईत कुठेही विचारा, तोच मिळतो : “राइट क्लिक कर, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर दे. तरी नाही झालं तर डिफेंडर बंद कर.” (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला, डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस.) कधीकधी याने खरंच काम होतं, म्हणून तर हा सल्ला इतकी वर्षं टिकलाय. पण दुखणं बहुतेक वेळा जागेचं असतं. सेव्ह एका फोल्डरमध्ये लिहिलं जातं आणि शोधलं जातं दुसऱ्याच. ती जागा न शोधता एम्युलेटरच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्या, तर सेव्हचा प्रश्न अर्धाच सुटतो आणि सुरक्षेचा नवीन प्रश्न उभा राहतो.

खालचं बरंचसं विंडोज १० आणि ११ ला धरून आहे. फोनवर खेळणाऱ्यांसाठी मध्ये वेगळं लिहिलंय.

एकाच नावाची दोन कार्डं

परळला ताईकडे गेलं की भाच्याचा लॅपटॉप माझ्यापुढे येतोच. “मामा, परत गेलं बघ.” लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून त्याने पेनड्राइव्हवर ‘फुल सेट’ भरून आणला होता. त्यात एम्युलेटर, बायोस (कन्सोल सुरू करणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर), ढीगभर गेम आणि सगळं आपोआप बसवणारी एक सेटअप फाइल. तिने एम्युलेटर नेऊन बसवला प्रोग्राम फाइल्समध्ये, त्यातही एक्स८६ लिहिलेल्या फोल्डरात. एम्युलेटर जुना, ३२ बिटचा.

“रोज उघडतोस कसा?”

“डेस्कटॉपवरून, डबल क्लिक. कधी अडकला तर राइट क्लिक करून ॲडमिनने. सगळे तसंच करतात.”

उत्तर त्याच्या या वाक्यातच होतं. विंडोज विस्टा २००७ मध्ये लोकांच्या हाती आली तेव्हापासून साध्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. पण त्या काळातले जुने प्रोग्राम बिनदिक्कत तिथेच लिहायचे. ते सगळे एकदम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. ३२ बिटचा जुना प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज गुपचूप ती फाइल तुमच्या खात्यातल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवते. प्रोग्रामला वाटतं, आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहिलं. वाचतानाही त्याला तीच लपलेली प्रत दाखवली जाते. हाच प्रोग्राम ॲडमिनने उघडला की पळवाट बंद होते. तो खऱ्याखुऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये वाचतो आणि तिथेच लिहितो. म्हणजे डबल क्लिक केलं की एक कार्ड, राइट क्लिक केलं की दुसरं. भाच्याचं काहीच हरवलं नव्हतं, त्याचे दोन गेम शेजारी शेजारी चालले होते.

दोन्ही फोल्डर उघडून त्याच्यापुढे ठेवले. नाव एकच. प्रोग्राम फाइल्समधल्या कार्डावर रविवारची तारीख, व्हर्च्युअलस्टोअरमधल्या कार्डावर आदल्या रात्रीची. आकार दोन्हींचा तंतोतंत १,३१,०७२ बाइट. कारण प्लेस्टेशन १ चं कार्ड असतंच १२८ केबीचं. त्यात ८ केबीचे १६ ब्लॉक, १५ सेव्हसाठी आणि एक कार्डाच्या स्वतःच्या यादीसाठी. त्यामुळे आकार बघून कार्ड भरलेलं की कोरं हे कळत नाही, तारीखच बघावी लागते.

तुमच्याकडे हाच घोळ आहे का ते असं बघा. एम्युलेटर नेहमीसारखा डबल क्लिकने उघडा आणि टास्क मॅनेजर सुरू करा. डिटेल्स विभागात जाऊन रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्स निवडा आणि ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ व ‘एलेव्हेटेड’ हे दोन रकाने जोडा. एम्युलेटरच्या ओळीत पहिल्या रकान्यात एनेबल्ड दिसलं तर ही पळवाट चालू आहे. ॲडमिनने उघडून परत बघा, दुसऱ्या रकान्यात ‘येस’ येईल.

व्हर्च्युअलस्टोअर गाठायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबा, इंग्रजीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये लोकलअॅपडेटा हा शब्द सलग टाइप करा आणि एंटर. समोर येणाऱ्या फोल्डरांत ते असतं.

मग दुरुस्ती. एम्युलेटर बंद करा. दोन्ही कार्डांच्या प्रती वेगळ्या फोल्डरात काढा आणि नावात तारीख घाला. ही पायरी गाळू नका. घाईत ‘रिप्लेस’ दाबून महिन्याचा खेळ उडवलेले लोक मी पाहिलेत. प्लेस्टेशन १ साठी मेमकार्डरेक्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन्ही कार्डं शेजारी उघडतात, पंधरा ब्लॉकमधलं काय कुठलं ते चित्रासकट दिसतं, आणि एका कार्डावरचं सेव्ह दुसऱ्यावर नेता येतं. एकच नीट कार्ड तयार करा. मग एम्युलेटरचं अख्खं फोल्डर प्रोग्राम फाइल्समधून उचलून बाहेर आणा. डी ड्राइव्ह असेल तर तिथे, नाहीतर सी मध्येच ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करा. शेवटी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ वर कुणी टिक करून ठेवली असेल तर ती काढा. यापुढे ॲडमिनने उघडायचं कारणच उरत नाही.

६४ बिटच्या एम्युलेटरला ही पळवाट मिळत नाही. तो प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला तर सरळ नकार मिळतो. काही एम्युलेटर तो नकार पडद्यावर दाखवतात, काही गप्प बसतात.

बाकीच्या जागा

कुठे लिहिलं जातंय हे एकदा डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या, पुढचे बरेच तर्क वाचतात. विंडोजमध्येच रिसोर्स मॉनिटर असतो. त्यात डिस्क विभाग उघडा, वरच्या यादीत एम्युलेटरवर टिक करा आणि गेममध्ये सेव्ह करा. खाली डिस्क ॲक्टिव्हिटीमध्ये लिहिल्या जाणाऱ्या फाइलचा पूर्ण पत्ता येतो. मी कुणाच्याही लॅपटॉपवर पहिल्यांदा हेच उघडतो.

तिथे पत्त्यात ‘टेम्प’ दिसलं तर एम्युलेटर झिपच्या आतूनच उघडलेला असतो. झिप किंवा आरएआर उघडून आतल्या ईएक्सईवर (प्रोग्रामच्या फाइलवर) डबल क्लिक केलं की ती तात्पुरत्या फोल्डरात सुटते आणि तिथून चालते. सेव्हही तिथेच. विन-आरएआर बंद केलं की तात्पुरतं फोल्डर साफ, आणि त्याबरोबर सेव्हही. आधी एक्स्ट्रॅक्ट करा, मग चालवा. हे कारण इतकं साधं आहे की कुणी सांगतच नाही.

पत्त्यात ‘वनड्राइव्ह’ दिसलं तर डॉक्युमेंट्स फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडे वळवलेलं आहे. नवा लॅपटॉप सुरू करताना भराभर ‘नेक्स्ट’ दाबलं की हे होऊन जातं. प्लेस्टेशन २ चा एम्युलेटर पीसीएसएक्स२ नेहमीच्या पद्धतीने बसवला तर त्याचा डेटा डॉक्युमेंट्समध्येच जातो, आणि ८ एमबीची मेमरी कार्डंही. फुकटातली ५ जीबी भरली की सिंक थांबतं. दोन मशीनवर एकच खातं असेल तर दोन प्रती भांडतात आणि भलतीच जिंकते. उपाय म्हणजे पोर्टेबल मोड : एम्युलेटरच्या फोल्डरातच ‘पोर्टेबल’ नावाची कोरी टेक्स्ट फाइल ठेवायची, की तो सगळं आपल्याच फोल्डरात ठेवतो. नाव नेमकं काय हवं ते त्या त्या एम्युलेटरच्या कागदपत्रांत बघून घ्या.

पत्ता बरोबर आहे, पण फाइलची तारीख बदलतच नाही, असंही होतं. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शन बघा. तिथे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंत लिहू दिलं जात नाही. ही सोय २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे आणि मुळात बंद असते, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा घरातल्या जागरूक माणसाने ती चालू केलेली असते. ती बंद करू नका. ‘अलाउ ॲन ॲप’ मध्ये जाऊन फक्त त्या एका ईएक्सईला परवानगी द्या. ही परवानगी आणि डिफेंडरचं ‘एक्स्क्लूजन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत प्रोग्रामला ठरलेल्या फोल्डरांत लिहिता येतं, तपासणी मात्र चालू राहते. दुसऱ्यात डिफेंडर त्या जागेकडे बघणंच सोडतो.

मराठी वाचकांसाठी आणखी एक. विंडोजमधलं तुमच्या खात्याचं फोल्डर देवनागरीत असेल, किंवा हौसेने ‘जुने गेम’ असं फोल्डर केलं असेल, तर युनिकोड न कळणारे जुने एम्युलेटर त्या पत्त्यात प्रश्नचिन्हं वाचतात आणि फाइल कुठेच जात नाही. फोल्डरांची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा. बाकी सगळीकडे मराठीचा आग्रह धरू, इथे नको.

पेनड्राइव्हवरूनच खेळत असाल तर इजेक्ट करून काढा. सेव्ह लिहिताना वीज जाण्याचं कारण मुंबईत क्वचितच लागू पडतं. मुंबईची वीज गेली होती तो १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस सोडला तर डेस्कटॉपवाल्यांचंही सहसा निभावतं.

सेव्ह आणि सेव्ह स्टेट

गेमच्या मेनूतलं सेव्ह कार्डावर जातं. एम्युलेटरचं एफ१, एफ२ वगैरे बटण दाबून होतं ते सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणाच्या अख्ख्या मशीनचा फोटो. लोक सोयीचं म्हणून फक्त स्टेट वापरतात आणि एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडत नाही. पीसीएसएक्स२ मध्ये हे नेहमीचं आहे. अपडेट करण्याआधी गेमच्या आत जाऊन एकदा सेव्ह करायचं, बस.

कॅसेटच्या गेममध्ये याहून अवघड घोळ होतो. गेमबॉय किंवा सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये सेव्ह ठेवायला छोटी मेमरी आणि नाण्यासारखी बॅटरी असायची. एम्युलेटर ती मेमरी फाइलमध्ये ठेवतो, पण स्टेटच्या फोटोतही तिची प्रत असते. म्हणून काल गेममध्ये नीट सेव्ह करून आज परवाची स्टेट लोड केली की परवाची मेमरी कालच्यावर बसते. गेम पुढे खेळलात की कालचं सेव्ह गेलंच म्हणून समजा. रेट्रोआर्कमध्ये (अनेक कन्सोलचे एम्युलेटर एकत्र चालवणारं ॲप) सेटिंग्जच्या सेव्हिंग विभागात ‘स्टेट लोड करताना सेव्हरॅम बदलू नये’ अशा अर्थाचा पर्याय आहे (सेव्हरॅम म्हणजे कॅसेटची हीच मेमरी), तो चालू करा.

(आपल्या लहानपणीच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटवाल्या टीव्ही गेमला सेव्हच नव्हतं. आई टीव्ही बंद करायची आणि विषय संपायचा.)

आता फोन. कर्जत लोकलमध्ये बसून गेमबॉय ॲडव्हान्सचा गेम खेळताय, सेव्ह केलं, दादर आलं, फोन खिशात टाकला आणि उतरलात. संध्याकाळी उघडता तर सकाळचा खेळ नाही. कारण बरेचदा असं की रेट्रोआर्क सेव्हची मेमरी फाइलमध्ये उतरवतो तो गेम रीतसर बंद केल्यावर. मधल्या वेळात अँड्रॉइडने रॅम मोकळी करायला ॲप मारलं, किंवा तुम्हीच रीसेंटमधून वर ढकलून बंद केलं, की ती मेमरी हवेत. सेटिंग्ज, सेव्हिंग, ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल’ बघा. तिथे शून्य किंवा ऑफ असेल तर दहा सेकंद करा. एवढ्याने फोनवरच्या निम्म्या तक्रारी संपतात असा माझा अनुभव आहे.

फोनवरचं दुसरं कारण म्हणजे ॲप काढून परत टाकणं. अँड्रॉइड ११ पासून ॲपच्या खास फोल्डरात बाहेरच्या फाइल मॅनेजरला डोकावता येत नाही, आणि ॲप काढलं की ते फोल्डरही जातं. पीएसपीचा एम्युलेटर पीपीएसएसपीपी सुरुवातीलाच जागा विचारतो. तिथे स्वतः केलेलं फोल्डर द्या, म्हणजे पीएसपी फोल्डरातल्या सेव्हडेटासकट सगळं तुमच्या ताब्यात राहतं.

गेमची फाइलही परकीच असते

एम्युलेटर ॲडमिनने चालवू नये, हे मी इतकं का धरून बसलोय ते सांगतो. गेमची फाइल म्हणजे निरुपद्रवी डेटा, फोटोसारखा, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात एम्युलेटर त्या फाइलमधला प्रोग्रामच चालवत असतो. तो प्रोग्राम नकली मशीनच्या भिंतींच्या आत राहील, ही जबाबदारी एम्युलेटर लिहिणाऱ्याची. भिंतीला भोक असेल तर आतला प्रोग्राम बाहेर येतो, आणि एम्युलेटरला जे अधिकार आहेत ते सगळे त्याला मिळतात.

हे कागदावरचं भय नाही. झेडस्नेस या सुपर निन्टेन्डोच्या एम्युलेटरची २००७ मधली १.५१ आवृत्ती आजही पेनड्राइव्हवरच्या सेटमध्ये सर्रास सापडते. मुद्दाम घडवलेली एक रॉम (कॅसेटमधल्या गेमची फाइल) उघडली की त्यातून थेट विंडोजवर हवा तो कोड चालवता येतो, हे २०१५ मध्ये उघडपणे दाखवलं गेलं. क्रिस इव्हान्स या सुरक्षा संशोधकाने २०१६ मध्ये तर नुसत्या संगीताच्या फाइलवर हे करून दाखवलं. निन्टेन्डोच्या गाण्यांची एनएसएफ फाइल वाजवायला लिनक्सवरचं जुनं जीस्ट्रीमर प्लगिन ६५०२ प्रोसेसरची नक्कल करायचं, आणि त्या नकलेतूनच त्याचा कोड बाहेर पडला. २०२५ मध्ये पीसीएसएक्स२ मध्येही असं भोक सापडलं. आयओपी कन्सोल लॉगिंग ही सेटिंग चालू असेल तर विशिष्ट डिस्क इमेज उघडल्यावर कोड चालवता येत होता. २.३.४१४ मध्ये ते बुजवलं. त्याच वर्षी लिब्रेट्रो या रेट्रोआर्कमागच्या प्रकल्पाच्या सामायिक कोडमध्ये क्यू फाइलमधल्या अतिलांब पत्त्यामुळे असाच धोका निघाला. क्यू म्हणजे डिस्कच्या प्रतीसोबत येणारी चार ओळींची मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते, तिच्यावर कुणाला संशय यावा?

म्हणून चालू, देखभाल होत असलेला एम्युलेटर घ्या आणि अपडेट ठेवा. सुपर निन्टेन्डोसाठी स्नेस९एक्स किंवा मेसेन, गेमबॉयसाठी एमजीबीए, प्लेस्टेशन १ साठी डकस्टेशन, प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२. जुन्याची सवय झालीय, त्यात चिट्स छान लागतात, ही कारणं मला पटत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ॲडमिन नसला तरी त्याच खात्यातला प्रोग्राम तुमचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वाचू शकतो. ताई सोसायटीचा मेंटेनन्स आणि विजेचं बिल त्याच लॅपटॉपवरून भरते. तेव्हा भाच्याला वेगळं खातं करून दिलं, स्टँडर्ड प्रकारचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स. काही बसवायचं झालं की पासवर्ड आईला विचारायचा. तो कुरकुरला, पण ताईला ही व्यवस्था फारच आवडली.

डिफेंडर एम्युलेटर खातो तेव्हा

दर अपडेटनंतर ईएक्सई गायब होते, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे दोन शक्यता असतात आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. एम्युलेटर कन्सोलच्या प्रोसेसरचा कोड चालता चालता आपल्या प्रोसेसरला कळेल असा बदलतो, मेमरीत लिहितो आणि लगेच चालवतो. मालवेअरचीही हीच रीत. त्यात छोट्या प्रकल्पांच्या फाइलवर सही केलेली नसते, डाउनलोड कमी असतात. त्यामुळे डिफेंडर उगाच बिथरतो. दुसरी शक्यता म्हणजे तो बरोबर आहे.

उगाच आहे की खरं आहे हे ठरवायला ती प्रत विसरा आणि प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून किंवा गिटहबवरून नवी उतरवा. सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरून नको. ७-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचए मध्ये एसएचए-२५६ हा हॅश, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, काढता येतो. प्रकल्पाने दिलेल्या आकड्याशी तो जुळवा. व्हायरसटोटल या साइटवर टाका, ती अनेक अँटीव्हायरस इंजिनांनी फाइल तपासते. एक-दोन इंजिनांनी मोघम नाव दिलं तर बहुधा खोटी घंटा. दहा-पंधरा जणांनी एकाच कुळाचं नाव घेतलं तर फाइल फेका. आणि एक्स्क्लूजन द्यायचंच झालं तर त्या एका फाइलला.

भाच्याच्या लॅपटॉपवर एक्स्क्लूजनच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. त्याने टाकला नव्हता, त्या सेटअप फाइलने परस्पर टाकला होता. पॉवरशेलची एक ओळ पुरते, आणि ती चालते ॲडमिनने ‘येस’ दाबल्यामुळेच. तुमचीही यादी एकदा बघा : व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाशी एक्स्क्लूजन्स. स्वतः न घातलेलं काहीही तिथे असेल तर ते काढून पूर्ण स्कॅन करा, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. त्याच मशीनवरून बदलू नका.

बंद पडलेल्या एम्युलेटरांच्या नावाने तर बाजारच भरलाय. निन्टेन्डो स्विचचा एम्युलेटर यूझू मार्च २०२४ मध्ये निन्टेन्डोशी २४ लाख डॉलरची तडजोड करून बंद झाला, त्याच लोकांचा ३डीएसचा एम्युलेटर सिट्राही त्याबरोबर गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्विचचाच र्‍युजिन्क्स. आज ‘यूझूची अधिकृत साइट’ म्हणून जे समोर येईल ते मूळ मंडळींचं नाही.

फाइल ओळखायला आकार फार उपयोगी पडतो. गेमबॉय ॲडव्हान्सची रॉम ३२ एमबीच्या आत, निन्टेन्डो ६४ ची ६४ एमबीच्या आत, पीएसपीची यूएमडी १.८ जीबीपर्यंत. प्लेस्टेशन १ चा बायोस बरोबर ५१२ केबी, प्लेस्टेशन २ चा साधारण ४ एमबी. यांपैकी एकही ईएक्सई नसते. ‘बायोस पॅक इन्स्टॉलर’ असं काही अस्तित्वातच नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसतील असं करा, नाहीतर आयएसओच्या मुखवट्यामागची ईएक्सई दिसत नाही. झिपला पासवर्ड असेल आणि तो शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला असेल, तर तो स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून असतो. अँड्रॉइडवर एम्युलेटरने एसएमएस, कॉन्टॅक्ट किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर ताबडतोब काढा. जॉयस्टिक फिरवायला तुमचे ओटीपी वाचावे लागत नाहीत.

माळ्यावरच्या डिस्क

भावोजींचा दुबईहून आणलेला प्लेस्टेशन आणि डिस्कचा डबा माळ्यावर होता. मग पेनड्राइव्हवरच्या प्रती पुसून त्याच डिस्कच्या प्रती करायच्या ठरल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ (१)(एए) कायदेशीर ताब्यातल्या संगणक प्रोग्रामची खराब होण्याच्या भीतीने बॅकअप प्रत काढू देतं. दुसऱ्याची प्रत उतरवून घेण्याला त्याचा आधार नाही.

यूएसबीवरचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह आणि डिस्कची प्रत काढणारं इमगबर्न एवढं पुरतं. प्लेस्टेशन १ साठी आयएसओ करू नका, बिन-क्यू करा. बऱ्याच गेमची गाणी वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि आयएसओत ती येत नाहीत. मुंबईचे पावसाळे काढलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके असतात. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. प्रत झाली की तिचा हॅश रीडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटच्या यादीशी जुळवा. जुळला तर प्रत निखळ. नाही जुळला तर परत पुसा, हळू वेगाने परत वाचा. काही युरोपीय डिस्कमध्ये लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण असतं. त्यांची साधी प्रत सुरू होते आणि मध्येच कुठेतरी अडकते. अशा गेमला जोडीला एसबीआय फाइल लागते.

आणि इथे भाच्याचं सेव्ह तिसऱ्यांदा गायब झालं. या वेळी कार्ड बरोबर, फोल्डर बरोबर, तारीख बरोबर. फरक होता डिस्कच्या प्रदेशाचा. पेनड्राइव्हवरच्या प्रती अमेरिकी, त्यांचे कोड एसएलयूएसने सुरू होणारे. आखातातल्या डिस्क युरोपीय (टीव्हीच्या पॅल पद्धतीच्या), एसएलईएसच्या. गेम कार्डावर आपल्याच कोडचं सेव्ह शोधतो, दुसऱ्या प्रदेशाचं समोर असून त्याला दिसत नाही. शिवाय डकस्टेशन मुळात प्रत्येक गेमला वेगळं कार्ड देतो, तेव्हा जुनं कार्ड आधी त्या गेमला हाताने जोडावं लागतं. मेमकार्डरेक्समध्ये सेव्हचा हेडर बदलायची सोय आहे, तिथे प्रदेश आणि प्रॉडक्ट कोड नवा लिहायचा. मूळ कार्डाची प्रत ठेवूनच हे करा, कारण काही गेम असं सेव्ह स्वीकारतात आणि काही ‘डेटा खराब’ म्हणून नाकारतात. भाच्याच्या फुटबॉलच्या गेमने घेतलं. गाड्यांच्या शर्यतीने नाकारलं, ती त्याने वेगळ्या खात्यातून पहिल्यापासून सुरू केलीय.